आम्ही पाठवले

मंगळवारी सकाळी सात वाजता तू गेलास. सुमनवहिनीने चहा ठेवला होता. तू पडवीत बसला होतास. ती कप घेऊन बाहेर आली, तेव्हा तू गेलेला होतास.

गणपत, परवा तुझं तेरावं. शाळेच्या पटांगणात गाव जमणार आहे आणि मी दोन शब्द बोलावेत असं सरपंचबाईंनी सांगितलं आहे. मला बोलता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. इतकी वर्षं वर्गात इतिहास शिकवला तो पुस्तक तोंडासमोर धरून. म्हणून लिहून काढतो आहे. तुझा जन्म, भरती, बढती, निवृत्ती हे सगळं सरपंचबाई वाचणार आहेत. मी तुझ्याशी बोलतो.

आपल्यात वाद एकच होता. बाकी सगळी भांडणं त्याचीच पिल्लं. लोकांनी निवडलेल्या सरकारने आपलं सैन्य दुसऱ्याच्या देशात पाठवावं का? मी म्हणायचो, नाही, कधीच नाही. तू म्हणायचास, कधी कधी पाठवावं लागतं. ऐकणाऱ्याला नेहमी वाटायचं की आपण जागा बदलून बसलो आहोत. बंदूक धरलेला माणूस 'नको' म्हणेल आणि पुस्तकातला माणूस 'हवं' म्हणेल, अशी लोकांची समजूत. चहाच्या टपरीवर कुणी नवखा आला की तू मुद्दाम त्याला विचारायचास, "सांग बगू, आमच्यातला फौजी कोन?" तो माझ्याकडे बोट दाखवायचा आणि तू मांडीवर थाप मारून हसायचास. माझ्या चष्म्याकडे, माझ्या दंडांकडे बघून हसायचास ते वेगळंच.

तू श्रीलंकेत गेलास तेव्हा आपण विशीत होतो. तू आणि शिवराम एकाच दिवशी भरती झाला होतात, एकाच तुकडीत गेलात. दोन वर्षांनी तू एकटा परत आलास, शिवरामची पत्र्याची ट्रंक घेऊन. ती ट्रंक तू त्याच्या आईच्या, जनाकाकीच्या ओटीवर ठेवलीस आणि उभाच राहिलास. काकीने विचारलं, "जेवलास का रं?" पुढे दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी अंगणातूनच परत फिरलो होतो.

त्या बेटाबद्दल तू फार बोलला नाहीस. मीही खोदून विचारलं नाही. त्याला मी सभ्यपणा समजत आलो. आता वाटतं, उत्तराची भीती होती. एकच गोष्ट तू सांगितलीस, आणि ती निदान पन्नास वेळा सांगितलीस. एका गावात तुमची तुकडी तिठ्यावर उभी राहिली, म्हणून तिथली शाळा पुन्हा भरू लागली. पोरं पाटी-दप्तर घेऊन तुमच्या मधून जायची. तुमच्यातला एकजण त्यांना चिंचा द्यायचा. पाच आठवडे शाळा भरली.

"आणि मग?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"मंग काय? मंग आमीच त्या शाळेत ऱ्हायला गेलो. दारं-खिडक्यांना वाळूची पोती लावली."

मी मास्तर. मला ती पोती दिसत राहिली. पुढे कधीही वाद झाला की मी ती शाळा काढायचो. आणि तू म्हणायचास, "मास्तर, तू माजं दुसरं वाक्य धरून बसतोस. पयलं कोन धरनार? पाच आटवडे पोरं शिकली, ती काय खोटी शिकली?"

यावर मी पुन्हा त्या पोत्यांवरच यायचो.

तुझं शास्त्र तू शिमग्यातून काढलं होतंस. आपल्या देवीची पालखी शेजारच्या गावात जाते ती नारळ आल्यावर. त्यांच्याकडून मानाचा नारळ आल्याशिवाय आपले भोई शीव ओलांडत नाहीत, आणि निघतानाच सांगायचं असतं की उद्या दिवस मावळायच्या आत पालखी परत येईल. "फौजेचं पन तेवडंच हाय," तू म्हणायचास. "बोलावल्याबिगर जायाचं नाय. जाताना परत यायची येळ सांगायची. आन् गेल्यावर दुसऱ्याच्या देवळात आपली आरती लावायची नाय."

"नारळ पाठवला कुणी पण?" मी विचारायचो. "घरातला कर्ता नारळ पाठवतो आणि मार खाते ती घरातली बाई. तिने तुला बोलावलंय का?"

"बाई नारळ कुटनं पाटवनार? नारळ कर्त्याच्या ताब्यात."

"मग तू कर्त्याच्या बाजूने गेलास."

"आन् तू घरात बसून ऱ्हायलास. बाईनं वरडायचं आन् आपन पुस्तक वाचायचं. व्हय ना?"

इथे आपण दोघेही थांबायचो, कारण दोघांनाही लागलेलं असायचं.

या शास्त्राची परीक्षाही एकदा झाली. ते वर्ष आठवून गाव अजून हसतं. शेजारच्या गावात पालखी आधी कोणत्या वाडीने खांद्यावर घ्यायची यावरून दोन वाड्या काठ्या घेऊन समोरासमोर उभ्या राहिल्या. एकीने आपल्याकडे माणूस धाडला, या आणि सोडवा. तू अकरा जणांना घेऊन निघालास. मी शिवेवर उभा राहून सांगत होतो, जाऊ नका. तुम्ही गेलात. अर्ध्या तासात त्या दोन वाड्यांचं आपसात जुळलं आणि दोन्ही मिळून तुमच्यावर धावून आल्या. तू कपाळाला रुमाल बांधून परत आलास, रुमालातून रक्त येत होतं.

मी तुझ्या रुमालाकडे बघत होतो.

"बोल, बोल," तू म्हणालास. "तोंडावर लिवलंय तुज्या."

"शिकलास का काही?"

"शिकलो. तितं एक म्हातारा खाली पडलावता. आमी नसतो गेलो तर त्याचा जीव गेला असता. तो वाचला. आमची दोन डोकी फुटली. आता तूच सांग मास्तर, जायाला होवं का नको?"

तो म्हातारा पुढे नऊ वर्षं जगला. दर शिमग्याला तो तुला दिसला की तू त्याला लांबूनच माझ्याकडे बोट करून दाखवायचास. तो बिचारा काही न कळून मला हात जोडायचा.

आता दगडाबद्दल. हे लिहायलाच बसलो आहे.

पंचवीसेक वर्षांपूर्वी गावाने ठरवलं की आपल्या गावातून फौजेत जाऊन परत न आलेल्यांचं स्मारक व्हावं. जांभ्याचा चौथरा गावाने बांधला. जांभ्यात अक्षर टिकत नाही, म्हणून वरचा काळा दगड घाटावरून आणला. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण गावात असली कामं मास्तरांकडेच येतात. मी ओळ लिहिली: 'देशाच्या सीमेचे रक्षण करताना यांनी प्राण अर्पण केले.' खाली चार नावं. शिवरामचं नाव नव्हतं.

तू त्याच संध्याकाळी माझ्या दारात आलास. "ऱ्हायलं का गाळलंस?"

"गाळलं," मी म्हणालो. तुझ्याशी खोटं बोलायची सवय मला कधी लागली नाही, त्याबद्दल मी तुझाच ऋणी आहे. मी तुला सांगितलं की ती मोहीमच चुकीची होती. दुसऱ्याच्या देशात आपलं काही काम नव्हतं. शिवरामचं नाव सीमेच्या रक्षणाखाली घातलं तर उद्या मुलं ते वाचतील आणि समजतील की ती मोहीम बरोबर होती. दगडावर मी खोटं लिहिणार नाही.

तू उंबऱ्यातूनच मागे वळलास. मग म्हणालास, "दगडावर नाव म्हंजे सरकारच्या कागदावर सई नसते मास्तर. मेलेल्या पोराचं नाव असतं." आणि गेलास.

दुसरा कुणी असता तर त्याने माझं तोंड पाहिलं नसतं. तू दुसऱ्या दिवशी चहाला आलास. पंचवीस वर्षं येत राहिलास. दर पंधरा ऑगस्टला, दर सव्वीस जानेवारीला त्या दगडापुढे उभा राहून सलाम करायचास, आणि सलाम करून झाला की माझ्याकडे बघायचास. फक्त बघायचास. ती नजर मी पन्नास वेळा झेलली असेल. माझी ओळ खरी आहे, या एका आधारावर झेलली.

आणि गेल्या वर्षी, राजापूरच्या एसटीत, तू तो आधार काढून घेतलास.

तुझ्या डोळ्यांच्या तपासणीला निघालो होतो. तू खिडकीशी. गाडी उताराला लागली तेव्हा तू एकदम म्हणालास, "मास्तर, ती चार नावं म्हन बगू."

मी म्हटली. शाळेत म्हणतात तशी.

"पयले सीताराम. ते कुटं गेले?"

"आफ्रिकेत. दुसऱ्या महायुद्धात."

"बरं. आफ्रिकेत आपली शीव हाय?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"दुसरे?"

"ब्रह्मदेशात."

"तेपन गोऱ्याच्या फौजेत. तिसरे लडाखला, ते ठीक. ते खरंच शिवेवर हुते. चौथे?"

"एकाहत्तर साली. पूर्वेकडे."

"पूर्वेकडे म्हंजे जितं मंग बांगला देश झाला तितं. दुसऱ्याच्या मुलखात. चारातला एकच बसतो तुज्या वळीत. शिवरामाला भायेर ठेवायला तू दार येवडं बारीक केलंस, आन् आतले तिघे भायेर पडले. इतिहास शिकवतोस ना रं तू?"

मी बोट उचलून काहीतरी बोलायला गेलो. कंडक्टर आपल्या शेजारी कधीचा उभा होता. "ओ काका," तो म्हणाला, "आफ्रिका झाली, ब्रह्मदेश झाला. आता राजापूर आलं. उतरा."

सगळी गाडी हसली. तू सगळ्यांत मोठ्याने हसलास. मी उतरलो. पंचवीस वर्षं जी ओळ मी खरेपणाच्या नावाखाली राखली, ती चारांपैकी तिघांबाबत खोटी होती. मला ती नावं पाठ होती, ती माणसं कुठे मेली ते पाठ होतं, ती युद्धं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत होतो. तरी दिसलं नाही. कारण ती ओळ लिहिताना मी त्या चौघांकडे पाहतच नव्हतो. एकाला बाहेर कसं ठेवायचं, एवढंच पाहत होतो.

परतीच्या गाडीत मी तुला म्हणालो, "ओळ बदलू."

"आन् नाव?"

"नावही घालू."

मला वाटलं तू मला टपली मारशील, निदान सगळ्या गाडीला ऐकवशील. तू तिकीट खिशात ठेवलंस. मग म्हणालास, "चल, आदी काकीला इचारू. आपन दोगांनी तिला कदी इचारलंच नाय."

हे खरं होतं. तिच्या मुलाच्या नावावरून दोन पुरुष पंचवीस वर्षं भांडत होते आणि तिला विचारायचं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

जनाकाकी खळ्यात कोकमं वाळत घालत होती. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "माज्या पोरावरनं भांडत हुतात व्हय? मला वाटायचं, राजकारनावरनं भांडता."

"राजकारणावरूनच भांडत होतो, काकी," मी म्हणालो.

"नाव घाला," ती म्हणाली. "पन ते अर्पन-बिर्पन लिवू नका. त्यानं काय अर्पन केलं नाय. त्याला परत यायाचं हुतं. रजेचा अर्ज घातलावता त्यानं."

त्या दिवसापासून आपलं काम सुरू झालं. मी वहीत मजकूर लिहून आणायचो, तू खोडायचास. 'वीर' काढ. 'अमर' काढ. 'मातृभूमी' काढ, चारजण तर परमुलखात गेले, सीतारामांना कुटली मातृभूमी दिसली तितं? माझी इतक्या वर्षांची भाषा तू महिनाभरात सोलून ठेवलीस. शेवटी खाली तीन शब्द उरले: 'परत आले नाहीत.' ते काकीच्याच बोलण्यातून आले होते. वरच्या ओळीसाठी तू म्हणालास, "लिव, आमी पाठवले."

"आम्ही?"

"मंग कोन? तुजं मत, माजं मत. ज्यानं ते सरकार निवडलं त्यानंपन पाठवलं, आन् ज्यानं दुसऱ्याला मत दिलं त्यानंपन. तू नको म्हनत हुतास, तरी तूपन पाठवलंस. तुजा नकार वेगळा करून घरात नाय ठेवता येत मास्तर. राजा असता तर म्हनलं असतं, राजानं पाठवलं. राजा नाय आता. आपनच हाव."

गणपत, लोकशाहीवर मी घरात दीड कपाट पुस्तकं ठेवून आहे. ती सगळी उघडून मी जे शोधत होतो, ते तू विडीची राख झाडता झाडता सांगितलंस.

पाथरवट आला. त्याने दगडावर हात फिरवला आणि सांगितलं की एक ओळ तेवढी पुसता येत नाही. पुसायची तर सगळा दर्शनी भाग एक बोट खाली उतरवावा लागेल. म्हणजे चौघांची नावं आधी जातील, मग पाच नव्याने कोरता येतील. त्याला चौघांच्या घरच्यांची संमती हवी, आणि गावाचीही. म्हणून विषय दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गेला.

पटांगण भरलं होतं. सरपंचबाईंनी ठराव वाचला. तीन घरांनी हो म्हटलं. सीतारामांचा नातू मोहन उभा राहिला. एरवी तो गावाच्या नळपाण्याचं बघतो आणि कुणाला उलटून बोलत नाही. त्या दिवशी त्याने ठरावाच्या कागदाकडे बोट दाखवलं.

"माज्या आज्याचं नाव पुसून तितं लिवनार, आमी पाठवले? तुमी कुटं पाठवलंत त्याला? गोऱ्यानं नेला. तवा मत हुतं कुनाला? ग्रामसभा हुती? कुनी हात वर केलावता?"

मी तुझ्याकडे पाहिलं. तू मान हलवलीस आणि हळूच म्हणालास, "बरोबर हाय त्याचं."

मागून एकजण ओरडला, "कुणालाच आपण नाही पाठवलं! सरकारने पाठवलं!"

"आन् सरकारला दिल्लीला कुनी पाठवलं?" तू तिथून उलट ओरडलास. हशा झाला. पण मोहन तसाच उभा होता, आणि ठराव बुडणार हे मला दिसत होतं. शिवरामचं नाव पुन्हा बाहेर राहणार होतं. या वेळी माझ्यामुळे नाही, तरी माझ्याच डोळ्यांदेखत.

मी उभा राहिलो. ग्रामसभेत आयुष्यात पहिल्यांदा. हातात पुस्तक नव्हतं. म्हणालो, "मोहन खरं बोलतोय. मग दगडावर दोन भाग करू. वर लिहू, यांना दुसऱ्यांनी पाठवले. तिथे सीताराम आणि ब्रह्मदेशात गेलेले. त्याखाली लिहू, यांना आम्ही पाठवले. तिथे लडाखचे, पूर्वेचे आणि शिवराम. मधली रेघ म्हणजे आपल्याला मत मिळालं तो दिवस. मुलं वाचतील तेव्हा त्यांना कळेल की त्या रेघेनंतर आपल्याला दुसऱ्याकडे बोट दाखवता येत नाही."

मग मी तेही सांगितलं की शिवरामचं नाव मी मुद्दाम गाळलं होतं. गावाला ते ठाऊक नव्हतं. तू पंचवीस वर्षांत ते कुणालाही सांगितलं नव्हतंस. हे मला तिथे, सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

मोहन खाली बसला, आणि बसल्या बसल्या त्याने हात वर केला. मग हात वर होत गेले. मी मोजले नाहीत. विरोधी हात विचारले तेव्हा पटांगणात एकही वर नव्हता. तू दोन्ही हात वर केले होतेस, आणि सरपंचबाई तुला ओरडत होत्या, "भाऊ, एकच मत आहे तुम्हाला!"

सव्वीस जानेवारीचा दिवस तुझा होता. झेंडावंदन झालं, मुलांनी दगडावरचं कापड ओढलं. जनाकाकीला शाल देऊ लागले तर ती म्हणाली, "शाल काय करू? खुर्ची द्या. मला बसून बगायचंय." तिच्यासाठी शाळेतून खुर्ची आणली. ती सगळा कार्यक्रम संपेपर्यंत दगडासमोर बसून राहिली, देवळात बसतात तशी नाही, आपल्या अंगणात बसतात तशी.

भाषणं नकोत, असं तू आधीच बजावलं होतंस. शिमग्यात तू देवीपुढे गाऱ्हाणं घालायचास तसं तिथे घातलंस. छाती भरून, डोळे मिटून.

"बा म्हाराजा, ही तुजी पाच लेकरं. दोगांना दुसऱ्यांनी नेलं. तिगांना आमी पाठवलं. कुटल्या मुलखात त्यांची माती झाली ती तुला ठावी. त्यांना आपल्या शिवेत घे रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

मला वाटलं संपलं. तू डोळे उघडलेस, सरळ माझ्याकडे पाहिलंस, आणि पुन्हा आवाज लावलास. "आन् फुडं कुनाला पाठवायची येळ आली, तर आदी आमाला सूद दे, आमाला इचारायची अक्कल दे, आन् नको म्हनायची छाती दे रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ते माझं म्हणणं होतं, गणपत. माझी बाजू तू गावाच्या गाऱ्हाण्यात घातलीस, माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत, आणि सगळ्या गावाकडून तिला होकार घेतलास. मी वर्गातही कधी आवाज चढवला नाही. त्या दिवशी मी इतका ओरडलो की दोन दिवस घसा बसला होता. मोहन ओरडत होता. काकी खुर्चीत बसून ओरडत होती. असा आनंद मी पाहिलेला नाही. गावाने कुणाला हरवलं नव्हतं आणि गाव जिंकलं होतं.

परतताना तू म्हणालास, "हरलास मास्तर."

"मी? तुझ्याच तोंडाने 'नको म्हणायची छाती दे' म्हणवून घेतलं. तू हरलास."

"नाव कुनाचं लागलं?"

"आणि मधली रेघ कुणाची लागली?"

हे भांडण तुझ्या फाटकापर्यंत चाललं, आणि सुमनवहिनीने आतून ओरडून आपल्याला दोघांनाही जेवायला बोलावलं.

तू जायच्या आदल्या शनिवारी वर्तमानपत्र घेऊन आला होतास. कुठल्याशा बलाढ्य लोकशाहीने कुठल्याशा देशावर विमानं पाठवली होती. तुला राग आला होता. "नारळ नाय, परत यायची येळ नाय, लोकांना इचारलंपन नाय," म्हणालास. मी खूश झालो, म्हणालो, आलास माझ्या बाजूला. तू पेपर घडी करून बाजूला ठेवलास.

"थांब. समज, उद्या शेजारच्या मुलखात पोरं मारतायत. खरीखुरी. आन् नारळ आला, त्या बाईनंच पाठवलेला. आन् ग्रामसभेत इचारलं, जायाचं का? तू हात वर करशील?"

मी म्हणालो, विचार करून सांगतो. मंगळवारी सांगतो.

मंगळवारी मी उत्तर घेऊन निघालो होतो. तुझ्या फाटकाशी माणसं दिसली.

उत्तर असं आहे. मी हात वर करणार नाही. त्या शाळेच्या खिडकीतली पोती माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. आपण सोडवायला जातो आणि घर अडवून बसतो, हे मी फार वेळा वाचलं आहे, आणि तूही एकदा पाहिलं आहेस. पण मी उभा राहून विचारीन, कोण जाणार, त्याचं नाव सांगा. त्याच्या आईला इथे बोलवा. परत कधी येणार ते आत्ता सांगा. एवढं विचारून झाल्यावर बाकीच्यांनी हात वर केले आणि पोरगा निघाला, तर मी त्याला एसटीपर्यंत पोचवायला जाईन. पुढे काहीही झालं तरी, मी पाठवलं नव्हतं, असं म्हणणार नाही. तुझं पहिलं वाक्यही खरं होतं. ती मुलं पाच आठवडे शिकली. हे मी तुला कधी तोंडावर कबूल केलं नाही. आता करतो.

यावर तू काय म्हणाला असतास ते मला साधारण कळतं, पण नेमके शब्द येत नाहीत. ते तुझे असायचे.

काल दगडापाशी जाऊन आलो. शाळा सुटली होती. दोन मुली वरपासून खालपर्यंत वाचत होत्या, एक दुसरीला विचारत होती, आम्ही म्हणजे कोण गं?

गावात एक दगड आहे. त्यावर पाच नावं आहेत. त्यावर जे लिहिलं आहे ते खरं आहे.